अंतराळवीर निघाले की लाईव्ह काय बघायचं, अन् मग ते स्टेशन माळवदावरून कसं शोधायचं

माणसं घेऊन रॉकेट उडालं की आपल्याकडं ग्रुपवर अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरते अन् विषय संपतो. पण पुढच्या वेळी लेकरांना बसवून पूर्ण बघा, आणि नंतर रात्री बाहेर काढून ते जातात ते स्टेशन, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, डोळ्यानं दाखवा, तेव्हा त्यांना कळतं की ही माणसं खरंच आपल्या डोक्यावरून चाललीत.

आधी टाइमाचं बघू. आपले भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला 25 जून 2025 ला या स्टेशनवर गेले ते अमेरिकेत रात्री अडीच वाजता, म्हणजे आपल्याकडं दुपारी 12:01. त्यामुळं बातमीतला टाइम कुठला आहे ते आधी तपासा, भारतीय वेळ लिहिलेली नसेल तर स्वतः बदलून घ्या. आणि तारीख पुढं गेली म्हणून नाराज होऊ नका, त्यांचंच उड्डाण कधी हवामानामुळं, कधी रॉकेटमधल्या ऑक्सिजनच्या गळतीमुळं, कधी स्टेशनच्या रशियन भागातल्या गळतीच्या तपासणीमुळं असं मे अखेरीपासून लांबत गेलं होतं. माणसं बसलेली असताना असंच करायला पाहिजे. शिवाय पृथ्वी फिरत फिरत लाँच पॅड स्टेशनच्या कक्षेच्या बरोबर खाली येतो त्याच क्षणाला रॉकेट सोडावं लागतं, म्हणून ती वेळ हुकली की थोड्या वेळानं उडवू असं चालत नाही, सरळ पुढची तारीख.

नासाच्या यूट्यूब चॅनलवर लाईव्ह असतं, उड्डाणाच्या तासभर आधी लावा. लाईटीचा भरवसा नाही, मोबाईल आधीच चार्ज करून ठेवा. रॉकेट सुटल्यावर साधारण एका मिनिटानं त्याच्यावर हवेचा सगळ्यात जास्त दाब येतो, अडीच मिनिटांच्या आसपास खालचा टप्पा सुटून परत जमिनीकडं येतो, नऊएक मिनिटात यान कक्षेत. त्या वेळी रॉकेट नाही, आतला कॅमेरा बघा. दोरीला बांधलेलं एखादं खेळणं असतं, शुभांशूंच्या यानात ‘जॉय’ नावाचा छोटा हंस होता, ते तरंगायला लागलं की समजायचं वजन गेलं. लेकरं रॉकेटपेक्षा त्यालाच जास्त हसतात.

जोडणी लगेच होत नसते. त्यांच्या वेळी 28 तास लागले, 26 तारखेला दुपारी चारच्या सुमारास यान जोडलं गेलं. स्टेशन ताशी 28 हजार किलोमीटरनं पळतंय, यानही तेवढंच, पण एकमेकांजवळ मात्र मुंगीच्या पावलानं येतात, कंटाळवाणं वाटेल पण शेवटची पंधरा मिनिटं सोडू नका. जोडल्यावरही दार लगेच उघडत नाहीत, आधी हवा गळते का बघतात, त्यात तास-दीड तास सहज जातो, तेवढ्यात चहा घेऊन या.

आता स्टेशन शोधायचं. हेवन्स-अबव्ह वेबसाईट उघडा नाहीतर नासाचं स्पॉट द स्टेशन ॲप घ्या, आणि सगळ्यात आधी आपलं गाव टाका. वेबसाईटवर गाव नाही टाकलं तर ती भलत्याच जागेचा टाइम दाखवते. मग यादीत दोन आकडे बघायचे. एक तेजाचा, हा आकडा जितका खाली तितकं तेज जास्त, तो उणे 3 किंवा त्याच्याही खाली असला तर झकास, न शोधता दिसतं. दुसरा क्षितिजापासूनच्या उंचीचा, 40 अंशाच्या वर असेल तरच सगळ्यांना गोळा करा, 15-20 अंशाचं स्टेशन लिंबाच्या झाडामागंच निघून जातं.

अंश मोजायला हात पूर्ण लांब करून मूठ धरा, एक मूठ म्हणजे 10 अंश. प्रॅक्टिस ध्रुव ताऱ्यावर करा, लातूर असो नांदेड असो की संभाजीनगर, आपल्याकडं तो उत्तरेला क्षितिजापासून जवळपास दोन मुठी वर असतो. म्हणजे दिशाही कळली अन् मापही जमलं.

दिसतं ते दिवस मावळल्यावर दीड-दोन तासात, नाहीतर पहाटे उजाडायच्या आधी. आपल्याकडं अंधार झालेला असतो पण 400 किलोमीटर वर अजून ऊन असतं, त्या उन्हात ते चमकतं. मध्यरात्री ते पण सावलीत, काही दिसत नाही. जून ते सप्टेंबर ढगांमुळं नाद सोडा, दिवाळीनंतर आभाळ मोकळं होतं. रब्बीत रात्रपाळीच्या लाईटीवर हरभऱ्याला पाणी द्यायला जाणाऱ्या कितीतरी जणांनी ते पहाटे बघितलेलं असणार, नाव तेवढं माहीत नसतं.

बाहेर पाच मिनिटं आधी जा, मोबाईल खिशात ठेवा म्हणजे डोळे अंधाराला सरावतात. मावळतीच्या बाजूनं एक ठळक ठिपका उगवतीकडं सरकत येईल. लुकलुकत नाही, लाल-हिरवा दिवा नाही, आवाज नाही, लुकलुकलं तर विमान समजा. ठिपक्यांची रांगच दिसली तर ते स्टारलिंकचे, म्हणजे इंटरनेट पुरवणारे उपग्रह. पाच-सहा मिनिटात आभाळ पार करतं, आणि कधीकधी मध्यावरच विझल्यासारखं होतं, तेव्हा लेकरांना सांगा की ते आत्ता पृथ्वीच्या सावलीत शिरलं. यान जोडायच्या आधीच्या रात्री नशीब असलं तर त्याच वाटेनं मागं-पुढं एक बारीक ठिपका पण दिसू शकतो, ते यान.

हुकलं तर यादीत दीडेक तासानं दुसरी फेरी आहे का बघा, ती जरा पश्चिमेला खाली असते. अन् टाइम पाहुण्यांना पाठवायला हरकत नाही, संभाजीनगर ते नांदेड अंतर ते अर्ध्या मिनिटात कापतं, पण उंची अन् दिशा ज्यानं त्यानं आपल्या गावाची टाकूनच बघावी.