पीएच.डी.चं शेवटचं वर्ष: प्रबंध आवरण्यापासून व्हायवापर्यंत

व्हायवाच्या, म्हणजे प्रबंधावरच्या तोंडी परीक्षेच्या, धास्तीने बरेच जण सीनिअरकडून प्रश्नांची यादी आणून पाठ करत बसतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. परीक्षक निरनिराळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारत असतात: हे तुम्हाला कशावरून कळलं? या प्रश्नाची तयारी प्रबंध लिहितानाच करावी लागते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पहिलं काम दोन पानांचं. पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टं आणि शेवटच्या प्रकरणातले निष्कर्ष, दोन्हींच्या प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवा. चार वर्षांत विषय बराच सरकलेला असतो, उद्दिष्टं मात्र सिनॉप्सिसमधली, म्हणजे सुरुवातीच्या संशोधन आराखड्यातली, तशीच पडून असतात. एखाद्या उद्दिष्टाला उत्तरच सापडत नसेल, तर गाईडशी बोलून तेवढं विश्लेषण करा. तेही शक्य नसेल, तर ते का झालं नाही हे संशोधनाच्या मर्यादांमध्ये सरळ लिहून टाका. लपवलेलं परीक्षकांना आधी दिसतं.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण तेच सगळ्यात महत्त्वाचं. प्रबंधातला प्रत्येक आकडा जिथे जिथे येतो, तिथे तिथे तो तपासा. माझा प्रबंध आठवडी बाजारांत भाजी विकणाऱ्या बायकांवर होता. तिसऱ्या प्रकरणात मी नमुना 120 जणींचा असल्याचं लिहिलं होतं आणि चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यांची बेरीज 118 येत होती. मी ते पान निदान वीस वेळा वाचलं असेल. व्हायवात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पेन्सिलने खूण केलेलं तेच पान उघडलं आणि शांतपणे विचारलं, "मॅडम, दोघी कुठे गेल्या?" घशाला कोरड पडली. मग आठवलं. दोन बायका मला दोन वेगवेगळ्या बाजारांत भेटल्या होत्या, त्यांच्याकडून प्रश्नावली दोनदा भरली गेली होती आणि तक्ते करताना मी त्या एकेकदाच मोजल्या होत्या. तिसरं प्रकरण मात्र दुरुस्त करायचं राहून गेलं होतं. सोबत नेलेल्या फील्ड डायरीत त्या दिवसांच्या नोंदी होत्या म्हणून निभावलं. पुढची दहा मिनिटं एकच बाई आठवड्यातून किती बाजार करते यावरच बोलणं झालं.

तेव्हा फील्ड डायरी, मूळ प्रश्नावल्या आणि मुलाखतींची रेकॉर्डिंग तारखेनुसार लावून ठेवा.

आता साहित्यचौर्याची तपासणी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018च्या नियमांनुसार 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्क्यांमध्ये प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावा लागतो, 40 ते 60 टक्क्यांमध्ये वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश आणि रीतसर श्रेय दिलेली अवतरणं यात मोजत नाहीत. टक्का खाली आणायला वाक्यांतले शब्द इकडचे तिकडे करण्याचा उद्योग करू नका, मराठी बिघडतं आणि परीक्षकांना ते कळतंच. दुसऱ्याचं वाक्य हवं असेल तर अवतरणचिन्हांत घाला.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक पोटसूचना: पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेली फाइल शेवटच्या महिन्यात बदलायला घेतली, की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात आणि चारशे पानांचं प्रूफ नव्याने वाचावं लागतं.

प्रबंध जमा करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण असतं. त्याकडे नुसती सही मिळवण्याचा सोपस्कार म्हणून पाहू नका. तिथे निघालेल्या हरकती वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे काय बदल केला तेही लिहा. त्यातलेच निम्मे प्रश्न पुढे व्हायवात येतात.

प्रबंध गेल्यावर गाईड आणि किमान दोन बाहेरचे परीक्षक तो तपासतात. यूजीसीच्या 2022च्या नियमांत एका परीक्षकाचा अहवाल प्रतिकूल आला तर प्रबंध पॅनेलवरच्या पर्यायी परीक्षकाकडे जातो, आणि ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवायची असते. अहवाल हाती आले की त्यातल्या प्रत्येक शंकेचं उत्तर लिहून काढा.

व्हायवाच्या सादरीकरणाला वीस-पंचवीस मिनिटं धरून चला. लोक इथे हमखास चुकतात: अर्धा वेळ पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात घालवतात आणि स्वतःच्या कामापाशी पोचेपर्यंत 'आवरा' अशी खूण होते. आढाव्याला एक स्लाइड पुरे. मला काय सापडलं हे पाचव्या मिनिटाला सांगायला लागा. प्रबंधाच्या तुमच्या प्रतीत महत्त्वाच्या तक्त्यांना रंगीत चिठ्ठ्या लावा, म्हणजे पान शोधत बसावं लागणार नाही. प्रश्न पूर्ण ऐका. समजला नसेल तर "सर, पुन्हा एकदा सांगाल का?" म्हणायला संकोच नको. उत्तर येत नसेल तर "हे मी तपासलेलं नाही" एवढं म्हणून थांबा. व्हायवा खुली असते, इतर प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थीही येऊन बसतात. घरच्यांना बोलवायचं का हे आपलं आपण ठरवावं. मी आईला बोलावलं होतं. 'दोघी कुठे गेल्या' ऐकून ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली.

सुचवलेल्या दुरुस्त्या त्याच आठवड्यात करून टाका. एकदा पेढे वाटले की फाइल उघडवत नाही. शेवटची प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जाते आणि कोणालाही वाचता येते. माझ्या प्रबंधाच्या तिथल्या प्रतीत तिसऱ्या प्रकरणात आता 118 आहे, आणि खाली त्या दोघींची तळटीप.