आर७ की आर८: दोन सेन्सर घरच्या चादरीवर तपासून घ्या

लग्नाच्या कामात नव्याने उतरलेली पोरं सध्या एकाच प्रश्नावर अडलेली असतात: कॅननचा आर७ कॅमेरा घ्यायचा की आर८? आर७ २०२२ चा, आर८ २०२३ चा. किमतीत फार अंतर नाही. आर७चा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, एपीएस-सी आकाराचा, २२.३ × १४.८ मिलिमीटर. आर८चा फुल फ्रेम, ३६ × २४. क्षेत्रफळ काढलं तर मोठा सेन्सर लहानाच्या अडीचपटीहून मोठा भरतो. एवढं कळलं की पोरगा म्हणतो, मग प्रश्नच कुठे राहिला, मोठाच घेऊ.

प्रश्न राहतो. तो कसा तपासायचा तेच इथे सांगतो, कारण दुकानात काउंटरवर होते ती तुलना मला पटत नाही. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांवर अपर्चर (लेन्सचं भोक) एफ/२.८, दोन्हींवर आयएसओ (फोटो किती उजळवायचा तो आकडा) ३२००, असं लावून फोटो काढतात आणि स्क्रीनवर मोठा करून बघतात. आर८ स्वच्छ दिसतो, निकाल लागतो. पण ते दोन फोटो एकसारखे नसतातच. फ्रेम सारखी असली तरी आर८मध्ये मागचं जास्त ब्लर होतं, नवरीच्या मागची करवली ओळखू येत नाही. तुलना करायची तर आधी दोन्ही कॅमेऱ्यांतून एकच फोटो निघाला पाहिजे: तीच जागा, तीच फ्रेम, तेच शटर, तेवढंच ब्लर. मग बघायचं, कुणाचा चांगला आहे.

त्यासाठी एकच आकडा लक्षात ठेवा, १.६. आर७ची फोकल लेंथ (लेन्सचा मिमीमधला आकडा) १.६ ने गुणा, अपर्चरचा आकडाही १.६ ने गुणा, आणि आयएसओ १.६ च्या वर्गाने, म्हणजे साधारण अडीचपटीने वाढवा. आर७वर ५० मिमी, एफ/१.८, आयएसओ ४०० असेल तर आर८वर ८० मिमी, एफ/२.८, आयएसओ १०००. हे का जुळतं ते बघा. फोकल लेंथला अपर्चरच्या आकड्याने भागलं की लेन्सच्या भोकाचा व्यास मिळतो. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिमीच्या आसपास, ८० भागिले २.८ म्हणजेही २८ च्या आसपास. समोरच्या माणसाकडून त्या भोकातून आत येणारा उजेड दोन्हीकडे सारखाच. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, मुख्यतः त्या उजेडावर ठरतो, सेन्सरवर काय नाव लिहिलंय त्यावर नाही.

आता चाचणी. आपल्याकडे घरोघरी चादर आहे, तिच्याइतका चांगला टेस्ट चार्ट नाही. गडद, मरून किंवा निळ्या रंगाची सोलापुरी चादर भिंतीवर टांगा, शेजारी पांढरा टॉवेल. चादरीची वीण बारीक तपशील दाखवते, गडद पट्टे सावलीतला नॉइज दाखवतात आणि टॉवेल पांढरा रंग कुठे फुटतो, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा उरतो, ते दाखवतो. समोर घरातल्या कुणाला तरी खुर्चीत बसवा. वेळ संध्याकाळची, खोलीत रोजचा एलईडी दिवा. शटर १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि १/१०० ला पट्टे येत नाहीत. दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर, एकाच जागी.

पहिली फेरी. आर७वर सिग्माची १८-५० एफ/२.८ लावा, ती आता कॅननच्या आरएफ माउंटमध्ये मिळते. ३१ मिमीवर एफ/२.८, आयएसओ १२५०. आर८वर ५० एफ/१.८ लेन्स, पण भोक लहान करून एफ/४.५ वर, आयएसओ ३२००. दोन्ही रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा. कॉम्प्युटरवर नॉइज रिडक्शन पूर्ण बंद करा, नाहीतर तुम्ही सेन्सर नाही, सॉफ्टवेअर तपासत बसाल. आर७चा फोटो ३२.५ मेगापिक्सेलचा असतो, तो आर८इतका, ६००० × ४००० करून शेजारी ठेवा. इथे बहुतेकांना धक्का बसतो. दोन फोटोंत इतका थोडा फरक असतो की नाव झाकलं तर सांगता येत नाही.

दुसऱ्या फेरीत आर८ची ५० मिमी पूर्ण उघडा, एफ/१.८. आयएसओ ३२०० वरून ५०० वर येतो. आता मोठा सेन्सर खरा कामाला लागला. आर७वर ३५ एफ/१.८ लावलीत तरी आर८ सव्वा स्टॉपच्या थोडा पुढेच राहील (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). फोटो सुरेखच असतो. पण नीट बघा, डोळे शार्प आहेत, कान गेलेत आणि चादरीची नक्षी विरघळली आहे. असे फोटो तुमच्या कामात किती लागतात? मंगल कार्यालयाच्या अंधाऱ्या खोलीत नवरी तयार होताना, वरातीत रात्री एकट्या आजोबांचा चेहरा टिपताना नक्की लागतात. तिथे मला फुल फ्रेमच पाहिजे असतो आणि दुसरं काही चालत नाही.

तिसरी फेरी मी सगळ्यांना करायला लावतो, कारण खिशाचा प्रश्न इथे आहे. बॉडीला पैसे घातल्यावर आर८सोबत हातात उरते ती किट लेन्स, २४-५० एफ/४.५-६.३. तीच लावा. ५० मिमीवर ती एफ/६.३ च्या पुढे उघडत नाही, आयएसओ ६४०० वर जातो. आता पहिल्या फेरीतल्या आर७च्या फोटोशेजारी हा ठेवा. लहान सेन्सरचा फोटो एक स्टॉपने स्वच्छ दिसेल! सिग्माची १८-५० एफ/२.८ आर७वर फुल फ्रेमच्या भाषेत साधारण २९-८० एफ/४.५ होते. म्हणजे किट लेन्सपेक्षा रेंज लांब आणि उजेडही कमी नाही. फक्त २४ ची रुंदी तेवढी जाते, ती लहान खोलीत जाणवते. म्हणून बॉडीची बॉडीशी तुलना करूच नका. बॉडी आणि पुढची दोन वर्षं तिच्यावर बसणारी लेन्स, अशी जोडी धरा.

ग्रुप फोटोचंही असंच. आपल्याकडे स्टेजवर तीन रांगा उभ्या राहतात, पुढे पोरं जमिनीवर बसतात. सगळे शार्प हवेत तर आर७वर एफ/५.६ लागतं आणि आर८वर एफ/९. आयएसओ तेवढा वर गेला की मोठ्या सेन्सरचा फायदा संपला. अल्बमचं म्हणाल तर १२ × ३६ च्या शीटवर एकच फोटो पूर्ण ताणला तरी आर८चा इंचाला १६७ पिक्सेल देतो आणि आर७चा १९३. हातात धरून बघणाऱ्या पाहुण्यांना हा फरक दिसत नाही.

मुहूर्त नसतील त्या दिवसांत मी सोलापुराहून बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळरानावर जातो. अभयारण्य माळढोकचं, पण मला बहुधा भेटतात ती काळविटं. तिथे हिशेब उलटा होतो. दोघांकडे आरएफ १००-४०० आहे असं धरा, ४०० वर एफ/८. भोक दोन्हीकडे ५० मिमीचंच, काळवीट दूर, पुढे जायचं नाही. आर८चा फोटो आर७च्या फ्रेमइतका कापला तर २४ मधले जेमतेम सव्वानऊ मेगापिक्सेल उरतात. आर७कडे त्याच तुकड्यावर ३२.५ आहेत. प्राण्यावरून आलेला उजेड सारखाच, त्यामुळे नॉइजमध्ये आर८ जिंकत नाही आणि शिंगांचे वेढे आर७मध्ये जास्त सुटे दिसतात. ज्याची लेन्स नेहमी कमी पडते, त्याने मोठा सेन्सर घेऊन काही साधत नाही. हे तपासायचं तर सकाळी उजाडताच जा. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि त्या झळांत दोन्ही कॅमेरे सारखेच मऊ फोटो देतात. दुपारी काढलेल्या फोटोंवरून लेन्सला दोष देणारे मी पुष्कळ पाहिलेत.

सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र भर दुपारी आर८ भारी पडतो. नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंद्या, वर कडक ऊन आणि फेट्याखालचे चेहरे सावलीत. बाराबंदीचा पांढरा रंग जपायचा म्हणून एक्स्पोजर कमी ठेवावं लागतं, चेहरे नंतर कॉम्प्युटरवर उचलावे, म्हणजे उजळावे लागतात. उजेड भरपूर असल्यामुळे दोन्ही कॅमेरे आयएसओ १०० वर असतात, तिथे अपर्चरची भरपाई चालत नाही, आणि मोठा सेन्सर जास्त उजेड साठवतो. सावली उचलताना हा सव्वा स्टॉप सरळ दिसतो. चाचणी सोपी आहे: चादर-टॉवेल गच्चीवर अर्धं उन्हात, अर्धं सावलीत टाका, टॉवेलचा पांढरा फुटणार नाही इतका शटरचा वेग वाढवा, मग कॉम्प्युटरवर चादरीची सावली तीन स्टॉप वर ओढा.

सेन्सरच्या आकाराशी थेट संबंध नसलेल्या गोष्टीही याच दोन बॉडींत उलटसुलट वाटल्या गेल्या आहेत. आर७च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आर८मध्ये नाही. भुईकोट किल्ल्यात तिन्हीसांजेला बुरूज हातात धरून काढायचा तर आर७ १/१० लाही साथ देतो. हलणारा माणूस मात्र त्याने थांबत नाही, हे विसरू नका. आर७चं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर सावकाश वाचतं. घरातला पंखा फुल स्पीडवर लावून फोटो काढा, पाती वाकलेली दिसतील. आर८मध्येही वाकतात, पण कमी. यंत्रमागाच्या शेडमध्ये धोटा धावताना मी आर७वर मेकॅनिकल शटरच ठेवतो. त्या शेडमध्ये सुताची तुसं उडत असतात, तेव्हा लेन्स बाहेरच बदलून आत जा.

वजनात आर८ हलका, बॅटरी-कार्डासह ४६१ ग्रॅम, आर७ ६१२. पण आर८ची बॅटरी १०४० मिलीअँपिअर-अवरची, आर७ची २१३० ची. हळदीपासून पाठवणीपर्यंत आर८वर काम करायचं तर बॅटऱ्यांची रांग बाळगावी लागते. आणि आर८मध्ये कार्डाचा स्लॉट एकच. आर७मध्ये दोन आहेत, दोन्हींवर एकाच वेळी फोटो लिहिता येतात. अक्षता एकदाच पडतात. दुसऱ्याच्या घरचं लग्न घेणाऱ्याने माझ्या मते एका कार्डावर विसंबू नये, सेन्सर कितीही मोठा असो.

तेव्हा एकच बॉडी, एकच चांगली झूम आणि लग्नाचं काम, एवढंच बजेट असेल तर मी आर७ आणि १८-५० एफ/२.८ सांगतो. पक्षी-प्राणी असतील तर आर७ आणि १००-४००. दोन-तीन चांगल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्स घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल, पोर्ट्रेट हेच काम असेल, किंवा लग्नात जोडीला दुसरा कॅमेरा असेल, तर आर८ घ्या आणि तो एफ/१.८ वर मनसोक्त वापरा. पैसे द्यायच्या आधी ओळखीच्या फोटोग्राफरकडून दोन्ही एका संध्याकाळपुरते मागून आणा, चादर टांगा आणि तिन्ही फेऱ्या स्वतः करा. मागताना लेन्सही मागा, आणि तुम्हाला परवडणारीच मागा.