क्लबफूट बाळाची तयारी करताना या चुका टाळा (प्लॅस्टरपेक्षा शूजची काळजी करा)

आमचा मुलगा दोन्ही पाय आत वळलेले, म्हणजे क्लबफूट घेऊन जन्माला आला. आता तिसरीत आहे आणि गॅदरिंगला लेझीम खेळतो. त्याच्या उपचारांच्या काळात डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं, "नव्या आयांशी जरा बोलत जा, आमच्यापेक्षा तुमचं ऐकतील." तेव्हापासून जमेल त्या आठवड्याला मी ओपीडीच्या बाकावर जाऊन बसते. बाळं दर वेळी नवी असतात, चुका मात्र त्याच असतात. तेच ते बोलून घसा बसायला लागला, म्हणून एकदा लिहून टाकते. मी डॉक्टर नाही. पाय कसा वळवायचा हे मला विचारू नका. घरी काय वाट लागते ते मला चांगलं माहीत आहे.

पहिल्यांदा घरातल्या मोठ्यांसाठी. हजार बाळांमागे साधारण एकाला हे असतं. मुलांमध्ये मुलींच्या जवळजवळ दुप्पट, आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. ग्रहणात सुनेनं भाजी चिरली म्हणून हे होत नाही. हा विषय बंद.

"सव्वा महिना होऊ दे, मग बघू." ही चूक सगळ्यात गोड आवाजात केली जाते. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नाही, बाळाला वारा लागेल, बारसं उरकू दे. माझ्या शेजारी बसलेल्या किती जणी पन्नासाव्या दिवशी पहिल्यांदा आल्या असतील, मोजणं सोडून दिलं मी. नवजात बाळाच्या पावलातली बरीचशी हाडं अजून कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीकच असतात आणि सांध्यांभोवतीचे बंध मऊ असतात. दर आठवड्याला थोडं वळवायचं, प्लॅस्टरमध्ये धरून ठेवायचं आणि पुढच्या आठवड्याला आणखी थोडं, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी ती बसवली, म्हणून पोन्सेटी पद्धत. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरू केलं तर उत्तम. तिसऱ्या दिवशी कावीळ असताना रिक्षा करून धावत सुटा असं मी म्हणत नाही, ही अपघाताची केस नाही. उशीर झाला म्हणून दारं बंद होतात असंही नाही, चालणाऱ्या मुलांचेही पाय या पद्धतीनं सरळ होतात. पण धडधाकट बाळ घरात आहे आणि फक्त बारशासाठी थांबलोय, हे कारण नव्हे. बारसं प्लॅस्टरसकट होतं. आमचं झालं. पाळण्यात पाय टपटप वाजत होते एवढंच.

सोनोग्राफीत कळलं असेल तर पोटात असताना काही करता येत नाही, आणि पाय किती कडक आहे हेही तिथं नीट कळत नाही. त्या महिन्यांत डॉक्टर शोधून ठेवा आणि झोपा काढा. पुढे झोप मिळणार नाही.

मालीशवाल्या बाईंचा हात कितीही चांगला असो, या पायावर नाही. हा पाय तेलानं सरळ होत नाही. प्लॅस्टरच्या दिवशी तर तेल लावूच नका, आतला कापूस सरकतो.

स्वतःच्या मनानं एक्स-रे काढून फाइल जाड करू नका. तान्ह्या बाळाचा पाय डॉक्टर हातानं आणि डोळ्यांनी बघतात. त्याच वेळी पाठीचा कणा आणि खुब्याचे सांधेही बघून घेतात. नाही बघितले तर विचारा.

पहिल्या प्लॅस्टरनंतर हमखास घरून फोन येतो, "अहो, पाय आणखीच वाकडा करून ठेवला की!" तो तसाच दिसतो. पावलाच्या मधली खोल कमान आधी सोडवायची असते, त्यासाठी पुढचा भाग मुद्दाम वर उचलून धरतात. बघणाऱ्याला वाटतं, उलटंच चाललंय. मग पाऊल हळूहळू बाहेर फिरतं आणि टाच सगळ्यात शेवटी खाली येते. दुसऱ्या प्लॅस्टरला "टाच अजून वरच आहे" म्हणून डॉक्टर बदलणारे बाबा मी पाहिलेत. साधारण पाच ते सात प्लॅस्टर लागतात. मिसळीची ऑर्डर नाही ही, की दहा मिनिटं झाली आणि ओरडलं.

प्लॅस्टर जांघेपासून बोटांपर्यंतच असतं, गुडघ्यात काटकोनात वाकवलेलं. "गुडघ्याखालचं छोटंसं घाला ना, बिचाऱ्याला उकडतं," असं म्हणू नका. छोटं प्लॅस्टर निसटतं आणि पाऊल बाहेर वळलेलं धरून ठेवू शकत नाही.

बाळाला पोटभर पाजून, झोपवून आणतात. नेमकं उलटं करा. भुकेलं आणा आणि प्लॅस्टर लावताना पाजा. दूध पिणारं बाळ पाय सैल सोडतं. डॉक्टर भूल देऊन काही करणार असतील तेव्हा मात्र ते सांगतील तितके तास उपाशी, तिथं माझं ऐकायचं नाही.

लसीचं कुणाच्या लक्षात राहत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी मांडीत देतात, आणि मांडी असते प्लॅस्टरच्या आत. मग नर्स विचारते कुठे टोचू, आणि तुम्ही एकमेकांकडे बघता. प्लॅस्टरच्या आणि लसीच्या, दोन्ही डॉक्टरांशी आधीच बोलून जुनं प्लॅस्टर काढलं आणि नवं घालायचंय त्या दिवसाचा मेळ घाला. आम्ही लसीचं कार्ड प्लॅस्टरच्या फाइलमध्येच ठेवायचो.

प्लॅस्टर आदल्या रात्री घरी भिजवून सोलून काढणं मला अजिबात आवडत नाही. काही ठिकाणी तसं सांगतात, त्यांनी सांगितलं असेल तर ते सांगतील त्याच वेळेला करा. पण "तेवढंच रात्री मोकळं हुंदडेल, छान आंघोळ घालू" म्हणून मनानं काढू नका. मोकळा पाय तासातासाला मागे फिरतो आणि मिळवलेल्या आठवड्यातला थोडा भाग तिथेच सांडतो. अंग पुसून काढलेलं बाळ काही मळत नाही.

आता बोटं. प्लॅस्टरच्या टोकाशी पाचही बोटं दिसली पाहिजेत. दाबली की पांढरी आणि सोडली की दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी. मी लंगोट बदलला की बोटं बघायचे, म्हणजे दिवसातून बारा-पंधरा वेळा. एकदा एक जोडपं ठरलेल्या दिवशी निवांत आलं. बाळ तीन दिवस किरकिरत होतं, पोट दुखत असेल म्हणून ओव्याचा शेक चालू होता. डॉक्टरांनी दुपटं बाजूला केलं तर एकाही बोटाचं टोक दिसेना. प्लॅस्टर खाली घसरलेलं आणि पाऊल आत चिमटलेलं. वडील म्हणाले, "आम्हाला वाटलं, प्लॅस्टर जरा सेट झालं." काढल्यावर टाचेवर फोड होता. तो बरा होईपर्यंत पुढचं प्लॅस्टर थांबलं. बोटं आत गेली, निळसर किंवा थंडगार पडली, सुजली, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी जायचं, रात्र असली तर रात्री.

पावसाळ्यात स्कूटीवर, रेनकोटच्या आत बाळ धरून आणणाऱ्यांना काय सांगू? रिक्षा करा. पालखी पुण्यात मुक्कामाला असते ते दिवस आणि अनंत चतुर्दशी या तारखा कॅलेंडरवर आधीच खुणावून डॉक्टरांकडून दिवस मागेपुढे करून घ्या. "रस्ते बंद होते" हे डॉक्टरांना पटतं, बाळाच्या पायाला पटत नाही.

मग येते "शीर कापणे". हा शब्द ऐकून एक आजी बाळ उचलून थेट रिक्षा स्टँडवर गेल्या होत्या. आपल्या मराठीत रक्तवाहिनीही शीर, नसही शीर, आणि टाचेमागची ती जाड दोरीही शीर. कापतात ती दोरी, म्हणजे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी कंडरा. बहुतेक बाळांत शेवटी टाच खाली आणायला हे करावंच लागतं. बारीकसा छेद, बहुधा जागेवरच बधिर करून, टाका नाही. मग तीन आठवडे शेवटचं प्लॅस्टर, आणि तेवढ्या वेळात कंडरा लांब होऊन पुन्हा जुळते. प्लॅस्टरवर रक्ताचा छोटा डाग येऊ शकतो. तो पसरत चालला तर फोन करा. आणि हे "टाळता येईल का?" म्हणून चार ठिकाणी हिंडण्यात जे आठवडे जातात, त्यात पाय वाट बघत बसत नाही.

इथवरचं सगळं माझ्या मते सोपं आहे. कारण प्लॅस्टर डॉक्टर घालतात, तुम्ही फक्त सांभाळायचं. लोक तयारीही तेवढीच करतात. तुळशीबागेतून सैल झबली, मऊ उश्या, दहा दुपटी. शेवटचं प्लॅस्टर निघालं, पाय सरळ दिसला, की पेढे. आणि माझ्या पोटात गोळा येतो.

त्या दिवशी मिळतात ते शूज: दोन बूट आणि मध्ये खांद्याइतक्या रुंदीची पट्टी. वळलेला पाय साधारण 60 ते 70 अंश बाहेर, एकच पाय वळलेला असेल तर चांगला पाय 30 ते 40 अंश. पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास. नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, म्हणजे 12 ते 14 तास, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. आठवडे नव्हेत, वर्षं. पाय पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हे शूज न घालणं आहे, आणि ते घालणं सर्वस्वी घरच्यांच्या हातात असतं.

मला हे सगळं पाठ होतं. तरी माती खाल्ली. मुलगा तेराव्या महिन्यात चालायला लागला. जूनमध्ये दिराचं लग्न, आठ दिवस साताऱ्याला. बॅगा भरताना सासूबाई म्हणाल्या, "चालतोय की छान, लग्नघरात कशाला ते लोखंड?" मी हो-नाही केलं आणि शूजची पिशवी पुण्यात पलंगावर राहिली. मुद्दाम राहिली, आता कबूल करायला हरकत नाही. परत आल्यावर घालायला गेले तर त्यानं रात्री दोनपर्यंत आकांत मांडला. खालच्या मजल्यावरचे काका विचारायला वर आले. नवरा म्हणाला, आज राहू दे. मग ताप आला, मग दाढा आल्या. त्या एका "आज"चे अडीच महिने झाले.

सप्टेंबरात गौरी आल्या. उंबऱ्यापासून आतपर्यंत मी पावलं काढली होती. हा न्हाणीघरातून ओल्या पायांनी सुटला तो त्या पावलांशेजारून धावत गेला. फरशीवर दोन रांगा. गौरीच्या पावलांना टाच होती. त्याच्या ओल्या ठशांना नव्हती. नुसत्या बाहेरच्या कडा आणि बोटं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी शूज हातात घेतले, उलटसुलट बघितले आणि म्हणाले, "फारच जपून वापरलेत." पुन्हा तीन प्लॅस्टर, तेही चालायला शिकलेल्या, दांडग्या पोराला, दोन्ही पायांत जांघेपर्यंत. तो दाराशी सरपटत जायचा आणि वर हात करून उभं करा म्हणायचा.

त्यानंतर मी घरात ज्या सवयी लावल्या त्या अशा. शास्त्र म्हणून नव्हे, आमच्याकडे चाललं म्हणून सांगते. वरणभात झाला की शूज, रोज त्याच सतरंजीवर, तेच गाणं म्हणत. "घालूया का?" असं कधीच विचारायचं नाही. दात घासायचे का असं आपण विचारतो का? शूज घालता येणारी माणसं घरात किमान तीन हवीत. आमच्याकडे नवरा आणि आजोबा शिकले, नाहीतर आई आजारी पडली की शूजही आजारी. प्रवासाच्या बॅगेत पहिली वस्तू शूज, मग कपडे. आणि पाळण्यावर मी चक्क पाटी लावली: "शूज काढू नयेत. बाळ रडल्यास आईस उठवावे. सल्ला देऊ नये." पाहुणे हसायचे, पण हात लावायचे नाहीत.

पहिले दोन-तीन दिवस बाळ रडणारच. दोन्ही पाय एकदम झाडायचे हे त्याला उमगत नसतं. पट्टी धरून त्याचे गुडघे एकत्र वाकवा, सरळ करा, खेळ करा. पट्टीवर सायकलच्या हँडलचं फोम चढवा, नाहीतर पहिली खोक तुमच्याच कपाळाला पडेल. मोजे साधे सुती. टाच बुटात तळाला टेकली आहे ना, हे बघून मगच पट्टा आवळा. फोड येतात ते बहुतेक वेळा सैल बुटामुळे, घट्ट बुटामुळे नव्हे. लोक उलटं समजून आणखी सैल करतात. लाल भागावर क्रीम चोळू नका, कातडी आणखी हुळहुळी होते. अंशांचे स्क्रू स्वतः फिरवणाऱ्या हौशी इंजिनिअर बाबांनी घरातला मिक्सर दुरुस्त करावा.

एकच पाय वळलेला असेल तर ती पोटरी थोडी बारीक आणि ते पाऊल किंचित लहान राहतं. उपचार फसले म्हणून नव्हे, ते तसंच असतं. दुकानात दोन मापांचे बूट मागायची लाज सोडा.

पैशांसाठी कुणी थांबू नये. क्लबफूट 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येतो. अंगणवाडीत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात विचारा, उपचार मोफत मिळतात. आपल्याकडे पुण्यात सरकारी ससून रुग्णालयही आहे. तिथं रांग असते. असू दे, डबा घेऊन जा.

आणि पहिल्या प्लॅस्टरच्या आदल्या दिवशी बाळाच्या पायाची नखं कापा. नंतर ती बोटं रोज बघायचीच आहेत, पण हातात धरायला नीट मिळत नाहीत.