क्रूझच्या बिलात आपोआप येणारी टिप : सांगलीहून निघण्यापूर्वी करायचा हिशेब

सांगली-मिरज परिसरातून क्रूझला जाणाऱ्यांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. भिशीचे गट, निवृत्त शिक्षकांची मंडळे आणि दोन-तीन कुटुंबे मिळून महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठतात आणि तेथूनच जहाजात बसतात किंवा विमानाने सिंगापूरला जाऊन तेथून जहाजाने निघतात. तिकीट, व्हिसा आणि विमा यांचा हिशेब सगळे नीट करतात. मात्र जहाजावरील आपल्या खर्चाच्या खात्यात दररोज, माणशी, न विचारता लावली जाणारी टिप बहुतेकांना शेवटच्या रात्री बिल हातात पडल्यावरच कळते. ती रक्कम किरकोळ नसते, म्हणून तिला तिकिटाचाच भाग मानून घरीच बाजूला काढून ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

प्रवास कंपनीकडून दरपत्रक घेताना प्रथम एकच प्रश्न लेखी विचारावा : जहाजावरील सेवाशुल्क या रकमेत धरले आहे की नाही? कागदपत्रांत ते ग्रॅच्युइटी, सर्व्हिस चार्ज किंवा क्रू अ‍ॅप्रिसिएशन अशा निरनिराळ्या नावांनी येते. बंदर शुल्क आणि जीएसटी या वेगळ्या बाबी असून त्या भरल्या म्हणजे टिपही भरली गेली, असे समजू नये. रीजंट, सिल्व्हरसी आणि सीबोर्न या महागड्या कंपन्या टिप भाड्यातच धरतात, आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून वेगळी आकारणी बंद केली. आपल्याकडील प्रवासी ज्या मोठ्या जहाजांवर जातात, त्यांपैकी बहुतेकांवर मात्र ती वेगळी लागते.

दरांचा अंदाज यावा म्हणून दोन उदाहरणे देतो. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये साध्या खोलीसाठी माणशी रोजचा दर १८.५० डॉलर आणि स्वीटसाठी, म्हणजे मोठ्या आलिशान खोलीसाठी, २१ डॉलर केला. नॉर्वेजियन या दुसऱ्या कंपनीने त्याच वर्षाच्या सुरुवातीला साध्या खोलीचा दर २० डॉलरवर नेला होता. हे आकडे दर एक-दोन वर्षांनी वाढतात, त्यामुळे आरक्षणाच्या दिवशीचा दर संकेतस्थळावरून पाहून घ्यावा. पती-पत्नी आणि दोन मुले असे चौघे सात रात्रींच्या सफरीला गेले, तर १८.५० डॉलरच्या दराने ५१८ डॉलर होतात. एक डॉलर ९० रुपयांचा धरला, तर ही रक्कम ४६,६२० रुपये भरते. लहान मुलांना सवलत असेलच असे गृहीत धरू नये. नॉर्वेजियन तीन वर्षांखालील आणि कार्निव्हल ही कंपनी दोन वर्षांखालील बाळांना वगळते, पण रॉयल कॅरिबियनवर तान्ह्या बाळाचीही पूर्ण आकारणी होते.

शक्य असेल, तर ही रक्कम आरक्षणाबरोबरच आगाऊ भरावी. पुढे दर वाढला, तरी आगाऊ भरलेल्या रकमेवर सहसा जास्तीची मागणी येत नाही आणि गटप्रमुखाला सर्वांकडून एकदाच पैसे गोळा करता येतात. जहाजावर भरायचे ठरवले, तर चढताना क्रेडिट कार्ड नोंदवावे. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (आधी परकीय चलन भरून घेतलेले) दिल्यास जहाज अंदाजे खर्चाची रक्कम अडवून ठेवते आणि ती सुटायला सफर संपल्यावरही काही दिवस लागतात. परतीच्या वाटेवर हेच पैसे हवे असतात. आपल्या अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनासाठी साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणात सुमारे १,९२५ रुपये आणखी धरावे लागतात.

पेये, स्पा आणि विशेष उपाहारगृहे यांच्या बिलांवर रोजच्या टिपेखेरीज स्वतंत्र शुल्क असते, आणि अनेक जहाजांवर ते १८ किंवा २० टक्के असते. १८ हा आकडा पाहून आपले लोक त्याला जीएसटी समजतात आणि पावतीवरच्या ‘अतिरिक्त टिप’ या रिकाम्या ओळीत पुन्हा रक्कम लिहितात. सही करण्यापूर्वी शुल्क आधीच धरले आहे का ते वाचावे आणि जास्त द्यायचे नसेल, तर त्या ओळीवर रेघ मारावी.

आता सर्वांत नाजूक मुद्दा : ही टिप काढून टाकावी का? भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेलांना सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना ग्राह्य धरल्या. तो नियम इथल्या हॉटेलांसाठी आहे; बहामा किंवा पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर तिकिटाच्या अटी लागू होतात, तेथे हे परिपत्रक दाखवून वाद घालू नये. बहुतेक कंपन्या सफर संपण्यापूर्वी अतिथी सेवा कक्षात ही रक्कम कमी करू देतात किंवा काढूनही टाकतात. तसे करू नये, असे मी मनापासून सांगतो. पूर्वी जेवणाचे टेबल आणि वाढपी ठरलेले असत आणि प्रवासी शेवटच्या रात्री पाकीट देत. नॉर्वेजियनने २००० मध्ये कुठेही, केव्हाही जेवण्याची पद्धत आणल्यानंतर ही सांगड सुटत गेली आणि सामाईक आकारणी रूढ झाली. त्या पैशांत खोली आवरणारा, वाढपी आणि पडद्यामागचे अनेक कामगार यांचा वाटा असतो. महिनोन् महिने घरापासून दूर, आठवडी सुटीशिवाय राबणाऱ्या या माणसांचे मूळ वेतन कमी ठेवून भरपाई टिपेतून होते, आणि त्यांत गोव्याची, कोकणची मुलेही असतात. ही वेतनपद्धत मला अन्याय्य वाटते, पण आपण रक्कम काढल्याने कंपनीचे काहीच बिघडत नाही, कामगाराचा वाटा तेवढा घटतो. सेवेबद्दल तक्रार असेल, तर ती दुसऱ्याच दिवशी सांगावी, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो.

वेगळी रोख टिप ऐच्छिक आहे. आपल्याकडील जैन कुटुंबांसाठी कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य असलेले जेवण रोज आठवणीने आणून देणाऱ्या मुख्य वाढप्याला ती जरूर द्यावी. त्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा अधिकृत परकीय चलन विक्रेत्याकडे आठ-दहा दिवस आधी मागाव्यात, कारण आयत्या वेळी मोठ्याच नोटा हाती येतात.

उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी खात्याचा उतारा घेऊन रात्रींची संख्या गुणिले माणसे गुणिले रोजचा दर हा हिशेब जुळतो का आणि आगाऊ भरलेली टिप पुन्हा लागली नाही ना, हे तपासावे. सकाळी अतिथी सेवा कक्षासमोर मोठी रांग असते. कार्डाचे विवरण घरी येऊन रक्कम जुळेपर्यंत हा उतारा जपून ठेवावा.