पंपावर प्रेशर पडतं तेव्हा

मी सावईवेऱ्याची, घरी कुळागर. पर्फ्युजनिस्ट म्हणजे काय, याचं आईचं उत्तर 'ती मशीनवर बसते' एवढंच, आणि ते फारसं चूक नाही. हृदय थांबवून ऑपरेशन चालू असताना रक्त फिरवतं ते हार्ट-लंग मशीन, आणि ते चालवणाऱ्या आम्ही.

नव्या मुलामुलींना पहिली धडकी भरते ती पंप सुरू झाल्यावर. पंचाहत्तरचं मीन प्रेशर, म्हणजे रक्ताचा सरासरी दाब, बघता बघता चाळिशीत येतं. बहुतेक वेळा बिघडलेलं काही नसतं. नळ्यांत आधीच भरलेलं दीडेक लिटर द्रावण रक्तात मिसळतं, चाळीसचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, तिशीवर येतो. पेजेत पाणी जास्त झालं की ती कशी सळसळ वाहते, तसंच. पातळ रक्ताला अडथळा कमी, म्हणून प्रेशर कमी. वाहिन्या आवळून धरणारं ॲड्रिनलिनही विरळ होतं, ते वेगळंच.

हिशेब दोघांचाच: फ्लो, म्हणजे पंप मिनिटाला किती रक्त ढकलतो ते, आणि वाहिन्यांचा अडथळा. फ्लो आपल्या हातात. अंग थंड केलेलं नसेल तर शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला २.२ ते २.४ लिटर. तो मिळतोय, रिझर्व्हॉयरची, म्हणजे मशीनवरच्या रक्त साठवणाऱ्या टाकीची, पातळी टिकून आहे, तर वाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन मागायची घाई नको. मीन प्रेशर साधारण ५० ते ८० मध्ये ठेवतात. पण वर्षानुवर्षं बीपी असलेल्या आजोबांना ५० पुरेलच असं नाही, तिथे ॲनेस्थेटिस्टशी आधीच बोलून घ्या. थंड करताना वाहिन्या आकसून प्रेशर चढतं, गरम करताना उतरतं. हृदय थांबवणारा कार्डिओप्लेजिया अंगात उतरला की आणखी एक डुबकी. महाधमनीवरचा क्लॅम्प (चिमटा) काढताना तर फ्लो आपणच कमी करतो, तेव्हा घाबरायचं कशाला?

तरी मी घाबरलेच. तिसऱ्या आठवड्यात पंपावर असताना आकडा ३८ वर गेला. फ्लो ठीक, पातळी ठीक. औषध मागायला तोंड उघडलं, तोच मागून सीनियर ताई म्हणाल्या, "आधी टेबल बघ गो."

सर्जननी टेबल खाली घेतलं होतं. प्रेशर मोजणारा ट्रान्सड्यूसर स्टँडवर होता तिथेच. तो हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर वर राहिला की आकडा सात-आठने कमी दिसतो, आणि माझा तर चांगला वीतभर वर होता. खाली सरकवला. ५३.

ताईंनी मॉनिटरकडे पाहिलंही नाही. त्या रिझर्व्हॉयरकडे बघत होत्या.