बचावपटूचा खेळ कसा बघावा

फुटबॉलचा सामना संपला की गोल करणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. बचावपटूचं नाव निघतं ते गोल खाल्ल्यावर, ‘हा कुठे होता?’ असं विचारायला. मी बरीच वर्षं स्टॉपर खेळले आणि आता पंधरा वर्षांखालच्या मुलामुलींना शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला स्ट्रायकर व्हायचं असतं. कुणी बचावाला उभं राहायला तयार झालं की मी त्याला आधी सामना बघायला शिकवते, कारण टीव्हीवर जे दिसतं त्यात बचावपटूचं निम्मं काम दिसतच नाही. तीच पद्धत इथे लिहिते आहे. घरबसल्या सामने बघणाऱ्या कुणालाही ती जमेल.

एक रेकॉर्ड केलेला सामना घ्या, म्हणजे मागे-पुढे करता येईल. दोन्ही संघांतून एकच बचावपटू निवडा. सुरुवातीला सेंटर बॅकच (मधला बचावपटू, म्हणजेच स्टॉपर) घ्या, फुलबॅक (कडेचा बचावपटू) नको. फुलबॅक आजकाल इतका फिरतो की नवख्या डोळ्याला तो सापडत नाही. मग पहिली पंधरा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही. फक्त तो एक माणूस. हे ऐकायला सोपं वाटतं, पण नजर सारखी चेंडूकडे ओढली जाते. कॅमेराही चेंडूमागेच पळतो, त्यामुळे तुमचा बचावपटू अधूनमधून चौकटीबाहेर जाईल. जाऊ द्या. परत दिसला की तो मघापेक्षा कुठे सरकलाय ते बघा.

पहिली गोष्ट त्याच्या मानेची. चांगला सेंटर बॅक सतत मान वळवून मागे आणि बाजूला बघतो, कारण त्याचा खरा धोका चेंडूजवळ नसतो, पाठीमागे असतो. दुसरी गोष्ट शरीराची. तो आक्रमकासमोर छाती सरळ करून उभा राहतो, की थोडा तिरका, एक पाय पुढे एक मागे? सरळ उभ्या बचावपटूला वळायला एक पाऊल जास्त लागतं आणि कडेने धावणाऱ्या वेगवान विंगरला तेवढं पुरतं. तिसरी गोष्ट जोडीदारापासूनचं अंतर. दोन सेंटर बॅकमधली फट वाढत गेली की तिथून थ्रू बॉल (फळीतून पाठीमागे जाणारा पास) येणार हे समजून चला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बचावाची रेषा कधी पुढे सरकते आणि कधी मागे हटते, हे ज्याला कळलं त्याला निम्मं फुटबॉल कळलं असं मी मानते. ते एका प्रश्नावर ठरतं: चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याच्यावर दबाव आहे का? त्याच्या अंगावर कुणी धावून जात असेल, त्याची पाठ गोलकडे असेल किंवा त्याने चेंडू मागे दिला असेल, तर बचावफळीने पुढे सरकायचं. त्याला मोकळीक मिळाली, त्याने मान वर केली आणि लांब पास मारायला पाय मागे घेतला, तर मागे हटायचं, तेही पास सुटायच्या आधी. सामना थांबवत थांबवत हे बघा. पासरची मान वर झाली त्या क्षणी तुमचा बचावपटू काय करतो? जो त्याच क्षणी वळून दोन पावलं मागे गेलेला असतो त्याला नंतर धावत सुटावं लागत नाही. मग समालोचक म्हणतो, ‘सहज काढला चेंडू.’ त्या सहजपणाची किंमत दोन पावलं आधी मोजलेली असते.

याचं सगळ्यात धाडसी रूप पाहायचं असेल तर २६ ऑक्टोबर २०२४ चा रेआल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना हा सामना शोधा. प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांची बार्सिलोना बचावफळीला जवळजवळ मध्यरेषेपर्यंत नेऊन उभी करत होती. त्या फळीत पाउ कुबार्सी होता, वय १७. माद्रिदचे खेळाडू त्या सामन्यात १२ वेळा ऑफसाइड (पास सुटताना बचावफळीच्या पलीकडे) सापडले, त्यांतले आठ वेळा एकटा किलियन एम्बापे. बार्सिलोनाने ४-० ने सामना मारला. पण तीच रेषा २०२५ च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीत इंटर मिलानसमोर दोन लढतींत सात गोल खाऊन बसली. माद्रिदचा सामना आणि यांतली एक लढत लागोपाठ बघा. पुढच्या खेळाडूंचा प्रेस (चेंडू असलेल्यावर धावून जाऊन टाकलेला दबाव) अर्धा सेकंद उशिरा पोचला की मागची उंच रेषा कशी उघडी पडते ते स्पष्ट दिसतं. म्हणून बचावफळीने गोल खाल्ला की आधी पुढच्या फळीकडे बघायची मी सवय लावते.

एक प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला दाखवते. ३१ मार्च २०१९, अॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध टॉटनहॅम. स्कोअर १-१, शेवटची काही मिनिटं उरलेली. टॉटनहॅमचा मूसा सिसोको चेंडू घेऊन सुटतो, सोबत सोन ह्युंग-मिन, आणि समोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक. दोघांविरुद्ध एक. शाळेच्या मैदानावरचा स्टॉपर इथे चेंडूवर झेपावतो, चेंडू सोनकडे जातो आणि गोल होतो. व्हॅन डाइक झेपावत नाही. तो मागे मागे हटत जातो आणि सिसोको ते सोन या पासच्या वाटेत स्वतःला ठेवतो. सोन दोघांतला सरस फिनिशर, म्हणून त्याची वाट बंद. उरला सिसोको, त्यालाही डाव्या पायाने मारावं लागेल अशी जागा तेवढी मोकळी सोडलेली. अगदी शेवटी व्हॅन डाइक त्याच्याकडे झेप घेतो, सिसोको डाव्या पायाने मारतो आणि चेंडू बारवरून जातो. थोड्याच वेळात, ९० व्या मिनिटाला, टोबी आल्डरवायरेल्डच्या स्वयंगोलने लिव्हरपूल २-१ ने जिंकतं.

आकडेवारीत याची नोंद काय होणार? टॅकल (पायाने चेंडू हिसकावणं) नाही, इंटरसेप्शन (पास मध्येच तोडणं) नाही. सिसोकोच्या नावावर एक चुकलेला फटका, एवढंच. मुलांना मी हा प्रसंग आधी पूर्ण वेगात दाखवते आणि विचारते, बचावपटूने काय केलं? बहुतेक जण म्हणतात, काहीच नाही. मग थांबवत थांबवत दाखवते. तुम्हीही तसंच बघा, आणि फक्त व्हॅन डाइकच्या पायांकडे लक्ष ठेवा.

त्यामुळे टॅकलचे आकडे वाचताना सावध राहा. खूप टॅकल करणारा बचावपटू उत्तम असेल, किंवा त्याच्या संघाकडे चेंडूच राहत नसेल, किंवा तो उशिरा पोचत असल्यामुळे त्याला प्रत्येक वेळी झेप घ्यावी लागत असेल. आकडा एकच, कारणं तीन. ९४ टक्के अचूक पास असं दिसलं तर त्यातले किती पास बाजूच्या स्टॉपरकडे गेले ते स्वतः मोजा. प्रतिस्पर्ध्याची एक फळी ओलांडून गेलेला एक पास मला आडव्या दहा पासांपेक्षा मोलाचा वाटतो.

पास हे बचावपटूचं काम कधीपासून झालं? कारण नियमांत आहे. १९९२ मध्ये बॅक पासचा नियम बदलला. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घ्यायचा नाही असं ठरलं. त्याआधी अडचणीत सापडलेला स्टॉपर चेंडू मागे देऊन मोकळा व्हायचा. १९९८ पासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला लाल कार्ड मिळू लागलं, तेव्हा धाक दाखवून बचाव करणाऱ्यांचे दिवस सरले. मग २०१९ चा बदल: गोल किकचा चेंडू आता पेनल्टी बॉक्सच्या बाहेर जायची गरज नाही. आज दोन सेंटर बॅक गोलरक्षकाच्या दोन्ही बाजूंना, स्वतःच्या बॉक्समध्ये उभे राहून खेळ सुरू करतात ते त्यामुळेच. प्रतिस्पर्ध्याचे तीन जण अंगावर येत असताना तिथे शांत डोक्याने पास काढणं हे आता रोजचं काम आहे.

तेव्हा दुसऱ्या पंधरा मिनिटांत तुमच्या बचावपटूच्या पायाशी चेंडू असतानाच त्याला बघा. तो चेंडू कोणत्या पायावर घेतो? येणाऱ्या चेंडूपासून लांबच्या पायावर घेतला तर अंग आपोआप पुढच्या दिशेने उघडतं आणि अर्धं मैदान दिसतं. समोर मोकळी जागा असेल तर तो चेंडू घेऊन पुढे चालत जातो का? जायलाच हवं. कुणीतरी आपली जागा सोडून त्याला अडवायला येईपर्यंत जायचं, आणि जो आला त्याने मोकळ्या सोडलेल्या सहकाऱ्याला पास द्यायचा. भित्रा बचावपटू दोन पावलांतच पास देऊन टाकतो, तेव्हा प्रतिस्पर्ध्याचा एकही खेळाडू जागचा हललेला नसतो.

मँचेस्टर सिटीच्या जॉन स्टोन्सने २०२२-२३ च्या मोसमात हे टोकाला नेलं. कागदावर तो बचावपटू; पण संघाकडे चेंडू आला की तो मिडफिल्डमध्ये जाऊन रॉड्रीच्या शेजारी उभा राहायचा आणि चेंडू गेला की परत मागच्या फळीत. जून २०२३ मध्ये इस्तंबूलला इंटरविरुद्धचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना मिळवून पाहा. सिटीने तो १-० ने जिंकला. त्यात चेंडू सिटीकडे असताना एकदा आणि इंटरकडे असताना एकदा असं दोनदा थांबवा आणि दोन्ही वेळा स्टोन्सची जागा कागदावर मांडा.

फुलबॅककडे यायला आता हरकत नाही. पूर्वीचा फुलबॅक रेषेला धरून वर जायचा, क्रॉस मारायचा, परत यायचा. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने १२ आणि अँडी रॉबर्टसनने ११ असिस्ट (गोल घडवणारे पास) केले. लिव्हरपूलचा खेळ रचणारे दोघे बचावफळीत होते. प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांनी बायर्न म्युनिकमध्ये फिलिप लामला फुलबॅकच्या जागेवरून आत मिडफिल्डमध्ये आणलं, आणि आज कितीतरी संघ तसं करतात. २०२५ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात पीएसजीचा (पॅरिस सेंट-जर्मेन) पहिला गोल राइट बॅक अश्रफ हकीमीने केला, तोही अगदी गोलच्या तोंडाशी उभा राहून. फुलबॅक इतका पुढे गेला की लगेच नजर मागे न्या: त्याची जागा कोण राखतंय? आपलं आक्रमण चालू असताना मागे कोण आणि किती जण उभे आहेत, यावर पुढचा प्रतिहल्ला ठरतो. मला विचाराल तर चांगला आणि सुमार संघ यांतला फरक इथेच सगळ्यात लवकर दिसतो.

सेट पीसबद्दल (कॉर्नर, फ्री किक) फार लिहीत नाही, ते सगळ्यांना दिसतंच. २०२३ च्या महिला विश्वचषकात फ्रान्सच्या वेन्डी रेनारने ब्राझीलविरुद्ध ८३ व्या मिनिटाला डोक्याने विजयी गोल केला. कॉर्नरच्या वेळी ती बॉक्समध्ये धाव कुठून सुरू करते तेवढं एकदा बघा.

आता मोलाचा विषय. २००२ मध्ये रिओ फर्डिनांड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला तेव्हा एका बचावपटूसाठी एवढे पैसे म्हणून डोळे विस्फारले होते. जानेवारी २०१८ मध्ये व्हॅन डाइकसाठी ७.५ कोटी मोजले गेले, आणि पुढच्याच वर्षी हॅरी मग्वायरसाठी ८ कोटी. बाजाराला बचावपटू कळला, मतदारांना मात्र अजून कळायचाय. पुरुषांचा बॅलन डी’ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा, मतदानाने ठरणारा पुरस्कार) जिंकणारा शेवटचा बचावपटू फाबियो कान्नावारो, साल २००६. २०१९ मध्ये व्हॅन डाइक लिओनेल मेस्सीच्या मागे फक्त सात गुणांनी राहिला. महिला फुटबॉलने इथे जास्त समज दाखवली. राइट बॅक लुसी ब्राँझ २०२० मध्ये फिफाची सर्वोत्तम खेळाडू ठरली.

पैसा वाढला याचा मला आनंद आहे, पण एक काळजीही आहे. चांगला पास देणारा स्टॉपर म्हणून निवडलेल्या मुलांना एकास एक अडवायला कुणी शिकवतच नाही. मी आधी अडवायला शिकवते, पास नंतर. खेळाडू पारखतानाही हाच क्रम ठेवा. तो दमल्यावर, ७५ व्या मिनिटानंतर, विंगरसमोर एकटा सापडला की काय करतो? अंतर राखून त्याला रेषेकडे ढकलतो, की उतावीळपणे पाय टाकतो? एका सामन्यात असे दोन-तीन प्रसंग तरी येतात.

जवळ वही ठेवा आणि मिनिट लिहून तीनच प्रकारच्या नोंदी करा: पास सुटायच्या आधी तो जागेवर पोचला होता का, चेंडू मिळाल्यावर प्रतिस्पर्ध्याची फळी ओलांडली का, आणि एकटा सापडल्यावर काय केलं. एकाच खेळाडूचे तीन-चार सामने असे बघा, त्यातला एक तरी त्याचा संघ हरलेला असू द्या. जिंकणाऱ्या संघाचा स्टॉपर चांगला दिसतोच. ३-० ने मागे पडल्यावर, पुढचे सगळे वर धावत असताना, तो जोडीदाराला हाका मारून रेषा सांभाळतोय का, ते त्या सामन्यात तपासा.