डिझाइन आधी रस्त्यावरून पाहा, मग छापा

बाहेरच्या बोर्डाची ऑर्डर घेताना ग्राहकाला पहिला प्रश्न विचारा: हा बोर्ड कोण, किती लांबून वाचणार? साइज आणि रंग नंतर. ढोबळ हिशेब असा की दर १० फूट अंतरामागे अक्षराची उंची किमान १ इंच हवी. म्हणजे ६० फुटांवरून वाचायचं नाव ६ इंचांचं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून खाली मोजा, वरची मात्रा-वेलांटी त्यात धरू नका. जोडाक्षरं दाट असतात, म्हणून मी तरी थोडं जास्तच धरतो.

समोरून वाहनं जात असतील तर मजकूर निर्दयपणे कापा. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त पुढे जाते. चालक सेवांची यादी वाचत बसत नाही. नाव, काम, हवा तर बाण. पुरे.

स्क्रीनवर सगळंच सुंदर दिसतं, म्हणून मुख्य ओळ खऱ्या मापात साध्या कागदावर काढा, जागेवर चिकटवा आणि ग्राहकाला रस्त्यापलीकडे उभं करा. फॉन्टवरचा तासभराचा वाद तिथे दोन मिनिटांत मिटतो. ऊन थेट पडत असेल, तर लाल आणि पिवळा लवकर फिके पडू शकतात हेही तेव्हाच सांगून टाका.

मग माप, रंग आणि प्रत्येक अक्षराचं शुद्धलेखन यांवर लेखी मंजुरी घ्या. तोवर मटेरियल कापू नका.